साडेपाच मीटरचा विनंती थांबा

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. मी कॅनडाला निसर्ग बघायला गेले नव्हते. निसर्ग मला आमच्या येरवड्याच्या गॅलरीतून पुरेसा दिसतो. एक गुलमोहर आहे, त्यावर कावळे आहेत, आणि त्यांचं वर्षभर काही ना काही चाललेलं असतं. मी गेले होते लेकीला परत आणायला.

लेक म्हणजे संघमित्रा, घरात मित्रा. खराडीत सॉफ्टवेअरमध्ये होती. कंपनीनं तिला व्हँकुव्हरला पाठवलं. तिथं चार वर्षं व्यवस्थित नोकरी केली, तिकडचे कायमचे कागदपत्र झाले, आणि मग एक दिवस राजीनामा देऊन ही बाई समुद्राच्या एका लांबलचक खाडीच्या टोकाला, रानात, लाकडी केबिनमध्ये राहायला गेली. केबिनला रस्ता नाही. बोटीनं जा, नाहीतर पाण्यावर उतरणाऱ्या विमानानं. तिथं तिचं काम काय, तर ओढ्यातून वर चढणारे मासे मोजायचे.

"इंजिनियर होऊन मासे मोजतेस?" मी फोनवर विचारलं होतं.

"तू नाही का जन्मभर गाड्या मोजल्यास?"

तेही खरंच. मी स्वारगेटच्या डेपोत होते, आधी कंडक्टर आणि मग वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, किती वाजता सुटली, उशीर झाला तर कारण काय, हे सगळं वहीत लिहिणारी सोनवणे मॅडम म्हणजे मीच. 'पंक्चर' म्हणताना ड्रायव्हर कुठं बघतो, यावरून मी खरं-खोटं ओळखायचे.

पण गाड्या मोजणाऱ्या बाईच्या आजूबाजूला हजार माणसं असतात. म्हणून दोन वर्षं मी मित्राला एकच प्रश्न विचारत होते: "त्या रानात तुला काही झालं तर धावून कोण येणार?" ती म्हणायची, "येतात गं." कोण येतात? आठवड्यातून एकदा उपग्रहावरून तिचा दोन शब्दांचा निरोप यायचा, 'मजेत आहे'. असं तर ऑक्सिजनवरचा माणूसही म्हणतो.

शेवटी मी आमच्या ह्यांना परतीची तीन तिकिटं काढायला लावली. तिसरं मित्राच्या नावानं.

"तिला विचारलंस का?" हे म्हणाले. हे शाळेतून प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर काचेची भांडी सांभाळल्यामुळे बोलतातही हळूच.

"गाडी लागली की प्रवासी आपोआप येतो," मी म्हटलं, आणि तिकिटाची घडी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

धुकं उठलं की

मुंबई ते व्हँकुव्हर प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पाय सुजतात. खरा प्रवास सुरू झाला तो त्या छोट्या विमानाच्या धक्क्यावर, वजनकाट्यापाशी. तिथं सामानच नाही, माणसंही तोलतात. भर चारचौघांत! पायलट म्हणजे डोरीन नावाच्या सत्तरीच्या बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेल्या. त्यांनी आम्हाला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं एकेक करून काट्यावर चढवलं. हे चोपन्न किलो भरले. लग्नातही तेवढेच होते. मी किती भरले ते इथं लिहायचं कारण नाही.

मग माझ्या पिशव्या. बाजरीचं पीठ, ठेचा, आणि मित्राच्या जिवाची म्हणून सुकट. सुकटीची पिशवी काट्यावर आल्याबरोबर डोरीनबाईंनी धक्क्यावरच्या टपरीची खिडकी उघडली. बोलल्या काही नाहीत. माणूस सभ्य.

"विमान किती वाजता सुटतं?" मी विचारलं. माझं इंग्रजी डेपोपुरतं आहे, पण वेळ विचारायला पुरतं.

"धुकं उठलं की."

"धुकं किती वाजता उठतं?"

त्यांना वाटलं मी विनोद केला. खूप हसल्या. विमानात जागासुद्धा वजनाप्रमाणे मिळाल्या: मी पुढं पायलटशेजारी, हे मागं पिठाशेजारी. वेळापत्रक नाही, फलाट नाही, वहीत उशिराचं कारण लिहायला नियंत्रक नाही. मी डोळे मिटून त्रिसरण म्हणायला घेतलं. ते तिसऱ्यांदा संपेपर्यंत आम्ही पाण्यावर टेकलो होतो.

बाहेर पाहिलं तर दोन्ही बाजूंना डोंगर, डोंगरावर पाण्यापर्यंत काळीशार झाडं, आणि लाकडी धक्क्यावर माझी पोर उभी. मी तिला भेटायच्या घाईत पाय टाकला तो अर्धा पाण्यात. गुडघ्यापर्यंत साडी भिजली. तीही कुठली, तर निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या मंडळींनी दिलेली. सुती आहे, आणि रंग असा भडक नारिंगी, की ती नेसून मी स्वारगेटच्या चौकात उभी राहिले तर चारी बाजूंचं ट्रॅफिक थांबावं.

"बारीक झालीस," मी मित्राला मिठी मारत म्हटलं. सवयीनं म्हटलं हो. पोरीचे दंड गवंड्यासारखे झाले होते.

तिनं पिशवी हुंगली. "आई! सुकट?" डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. आणि पुढच्याच क्षणाला पिशवी हिसकावून ती धावत सुटली आणि केबिनपासून लांब ठेवलेल्या एका लोखंडी पेटीत ती कुलूपबंद करून आली. अस्वलांना म्हणे फार लांबून वास येतो, म्हणून खाणं घरात ठेवायचं नाही.

"सुकटीच्या वासावर येत असेल," हे म्हणाले, "तर ते आपल्यातलंच म्हणायचं."

केबिन एका खोलीची. मधोमध लोखंडी शेगडी, भिंतीला रेडिओ, आणि फळीवर मी तिला पुण्याहून निघताना दिलेली छोटी बुद्धमूर्ती. मूर्तीशेजारी अस्वलाच्या तोंडावर मारायच्या तिखटाच्या फवाऱ्याचा डबा. शांततेचे दोन्ही उपाय शेजारी-शेजारी.

मित्रानं आम्हाला नियम सांगितले. इथं फोन लागत नाही. रोज सकाळी आठला खाडीतल्या सगळ्या घरांनी रेडिओवर आपापलं नाव सांगायचं, म्हणजे हजेरीच. धक्क्याच्या टोकाला एक खांब आहे. त्याच्या पायाशी डबा, डब्यात नारिंगी फडकं. अडचण आली की ते खांबाला बांधायचं. जाणारं-येणारं विमान, बोट, जे बघेल ते थांबतं.

"म्हणजे विनंती थांबा," मी म्हटलं. हात दाखवला तर गाडी थांबेल, नाहीतर पुढं जाईल. हे मला लगेच कळलं. पुढं जे झालं ते बघता हे सांगून ठेवणं गरजेचं आहे.

दुसरा दिवस, पाऊस

संडास केबिनपासून चाळीस पावलांवर, झाडीत. वाटेनं जाताना मोठ्यानं बोलत जायचं, म्हणजे अस्वल असलं तर बाजूला होतं. दचकलेलं अस्वल वाईट. मित्रा गाणी म्हणत जाते. हे पाढे म्हणत गेले. मला ऐन वेळी काही सुचेना, म्हणून जे बारा वर्षं तोंडात बसलं आहे तेच सुरू केलं: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! स्वारगेट–महाबळेश्वर गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे! प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी!" चार दिवसांत मी सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर सगळ्या गाड्या सोडल्या. एकही अस्वल फिरकलं नाही. बहुतेक वाईला गेली असतील.

दुपारी मित्रानं आम्हाला ओढ्यावर नेलं. गुडघाभर पाणी आणि त्यात हातहात लांबीचे लालसर मासे, प्रवाहाच्या उलट्या दिशेनं धडका मारत निघालेले. दगडावर आपटतात, मागं येतात, पुन्हा उसळी. हे सॅमन मासे. समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला बरोबर जन्मल्या ओढ्यातच परत येतात, असं मित्रानं सांगितलं.

आयता मुद्दा चालून आला. मी तो सोडणार होते होय?

"बघ," मी म्हटलं. "माशालासुद्धा कळतं. कुठंही फिरा, शेवटी जन्मगावी परत यायचं."

"आई," मित्रा हातातल्या यंत्रावर मासा मोजत म्हणाली, "परत येतात आणि मरतात ते."

हे पलीकडं तोंड करून खोकले. त्यांना खोकला नव्हता. मी पर्स छातीशी धरून परत आले.

आणि ह्यांचं काय सांगू! सदतीस वर्षांच्या संसारात मी ह्या माणसाला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. पाण्याचं तापमान काय, आंबटपणा किती, हा कागद निळा का झाला. बापलेक रबरी बूट घालून पावसात चिंब. मी एकटी शेगडीपाशी बसून विचार करत होते, की तिघांतले दोघं आत्ताच फुटले, आता मलाच खिंड लढवायची आहे.

तिसरा दिवस, ऊन

सकाळी ऊन पडलं. ऊन पडलं की बाईमाणसाला पहिली गोष्ट काय सुचते? धुणं. मित्रा आणि हे ओढ्यावर गेले, मी टपात सगळे कपडे भिजवले. खाऱ्या पाण्यानं कडक झालेली नारिंगी साडी दोन पाण्यातून पिळली. आता वाळत कुठं घालायची? केबिनभोवती झाडांची सावली. ऊन काय ते फक्त धक्क्यावर. तिथं तो खांब आयता उभा. एक पदर खांबाला वरपर्यंत बांधला, दुसरं टोक कठड्याच्या शेवटाला. वारा सुटला होता, मस्त फडफडायला लागली. तासाभरात खडखडीत वाळणार, म्हणून मीच माझ्यावर खूश झाले.

तुम्ही म्हणाल, तुला सांगितलं होतं ना? सांगितलं होतं. पण सांगितलं होतं ते फडक्याचं. फडकं डब्यातच होतं, मी हातही लावला नव्हता. फडकं वेगळं, साडी वेगळी. यात कुणाचा गोंधळ होईल असं मला तरी वाटलं नाही.

मग जेवले. दीड वाजला होता. पुण्यात काय आणि कॅनडात काय, दीडनंतर पाठ टेकलीच पाहिजे. इतक्यात भिंतीवरचा रेडिओ नाकात बोलायला लागला. मित्राचं नाव घेऊन काहीतरी विचारत होता, पुन्हा पुन्हा. डेपोतला भोंगाही असाच दिवसभर बोलायचा, त्याला कुणी उत्तर देत नाही. मी आवाज कमी केला आणि झोपले.

जाग आली ती कुणीतरी माझं मनगट धरलं म्हणून. डोळे उघडले तर तोंडासमोर डोरीनबाई, माझी नाडी बघतायत. त्यांच्यामागं हातात कुऱ्हाड घेतलेला एक दाढीवाला म्हातारा. दारात दोन धिप्पाड कोळी, एकाच्या हातात प्रथमोपचाराची पेटी आणि दुसऱ्याच्या खांद्यावर स्ट्रेचर.

"जिवंत आहे," डोरीनबाई म्हणाल्या.

"आहे ना!" मी म्हटलं. "का?"

एवढ्यात मागून धावत मित्रा आली. तिनं ओढ्यावरून विमान उतरताना ऐकलं होतं. तोंड पांढरं पडलेलं, बूट एकाच पायात. "आई!" अशी किंचाळली, की मी ताडकन उठून बसले. मला धडधाकट बघितल्यावर ती जमिनीवर बसली आणि हमसाहमशी रडायला लागली. मागोमाग हे, धापा टाकत. ह्यांनी धक्क्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "अगं, साडी."

तो कुऱ्हाडवाला म्हातारा म्हणजे वॉल्टर, मित्राचा सगळ्यात जवळचा शेजारी. जवळचा म्हणजे बोटीनं पंचवीस मिनिटं. तो धक्क्यावर जाऊन साडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला. मग म्हणाला, "बाई, कुणाचं बोट कापलं तरी आम्ही एवढंसं फडकं लावतो." त्यानं हातभर माप दाखवलं. "हे दुर्बिणीतून बघितलं तेव्हा मला वाटलं, अख्खं कुटुंब गेलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार माणसं हातातलं काम टाकून धावत आलेली, आणि कारण काय, तर सोनवणे मॅडमचं धुणं! डेपोत कुणी असं केलं असतं तर मी त्याला लेखी खुलासा मागितला असता. पण कुणी रागावेना. कोळीदादांनी स्ट्रेचर भिंतीला टेकवून ठेवलं आणि चुळबुळत उभे राहिले. आता आपल्याकडं दारात आलेल्या माणसाला काय विचारतात? मी पदर खोचला आणि म्हटलं, "बसा. जेवून जायचं."

लोखंडी पेटीतून सुकट काढली. कांद्यावर परतली. शेगडीच्या पत्र्यावर बाजरीच्या भाकरी थापून टाकल्या. वास असा सुटला, की मित्रा रडता रडता उठून पाटा नसताना दगडानं शेंगदाणे कुटायला लागली. चौघंही हातानं जेवले. वॉल्टरला मी बजावलं होतं, ठेचा बोटाच्या टोकावर घे. त्यानं चमचाभर घेतला. डोळ्यांतून धारा. शेवटी फळीवरच्या अस्वलाच्या फवाऱ्याच्या डब्याकडं बोट करून त्यानं मित्राला विचारलं, "हे विकत कशाला आणतेस?"

आणि मग चहाबरोबर त्यानं सहज सांगितलं. गेल्या हिवाळ्यात एकदा त्यानं सकाळच्या हजेरीला उत्तर दिलं नाही. पाय घसरून कंबर मोडून पडला होता, रेडिओपर्यंत पोहोचता येईना. मित्रा भर वादळात एकटी बोट घेऊन गेली. "आज रेडिओवर तिच्या घरून उत्तर आलं नाही," तो म्हणाला, "तेव्हा मी बुटाची नाडीसुद्धा बांधली नाही."

मी खाली बघितलं. खरंच नव्हती बांधलेली.

भांडी घासताना

मंडळी गेल्यावर मी आणि मित्रा भांडी घासायला बसलो. मला खराडी आठवत होती.

मित्रा खराडीत चौदाव्या मजल्यावर भाड्यानं राहायची तेव्हा तिला डेंगू झाला होता. चार दिवस तापानं फणफणून एकटी पडून होती. समोरच्या दारात माणसं, वर माणसं, खाली माणसं, गेटवर वॉचमन. कुणालाही कळलं नाही. आणि येरवड्याहून खराडी किती लांब आहे हो? मला पाचव्या दिवशी कळलं. मी ड्यूटीवर होते, दिवाळीच्या जादा गाड्यांची गर्दी होती, आणि तिनं फोनवर 'मजेत आहे' म्हटलं होतं. मी त्यावर विश्वास ठेवला. ड्रायव्हरचं खोटं ओळखणाऱ्या बाईला पोटच्या पोरीचं ओळखता आलं नाही. ते अजून मला टोचतं.

"किती वेळात आली गं ती माणसं?" मी विचारलं.

"डोरीन वरूनच जात होती, तिनं आधी रेडिओवर विचारलं, मग उतरली. अर्ध्या तासात सगळे."

मी पातेलं आणखी एकदा घासलं. ते स्वच्छच होतं.

"खराडीतला डेंगू आठवतो?" मी म्हटलं.

"आठवतो."

"माझं चुकलं तेव्हा."

ती ओल्या हातानंच माझ्या गळ्यात पडली. पाठीवरून थंडगार पाणी ओघळत होतं, पण मी हलले नाही.

सुटण्याची वेळ

पाचव्या दिवशी धुकं साडेनऊला उठलं. मी वेळ बघून ठेवली, कुणीतरी नोंद ठेवायला हवी.

धक्क्यावर सामान ठेवल्यावर मित्रा म्हणाली, "आई, ते तिसरं तिकीट..."

"तुला कुणी सांगितलं?"

हे एकदम डोंगराकडं बघायला लागले. डोंगरात त्यांना फारच रस निर्माण झाला होता.

"पप्पांनी. पहिल्याच दिवशी, विमानातून उतरल्या उतरल्या."

म्हणजे चार दिवस मी पर्स उशाशी घेऊन झोपत होते ते उगीच! मी तिकीट काढलं. पण दिलं नाही. आधी केबिनमध्ये परत गेले. तिथं पाहुण्यांनी लिहायची एक वही आहे, दाराशी टांगलेली. कुणी डोंगरांबद्दल लिहिलंय, कुणी देवमाशांबद्दल. मला तसलं येत नाही. मला जे येतं ते मी रेघा मारून लिहिलं:

'गाडी: पुणे–खाडी–पुणे. सुटण्याची वेळ: ९.३५. उशिराचे कारण: धुके. परतीचे आरक्षण: तीन. पैकी प्रवासी एक आपल्या थांब्यावर उतरली. तक्रार: नाही.'

आणि खाली सही केली. मित्रा खांद्यावरून वाचत होती. तिची हनुवटी माझ्या खांद्यावर थरथरत होती, म्हणून मी मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर गाडीला आणखी उशीर झाला असता.

नारिंगी साडी मी तिच्याकडंच ठेवली. घडी करून खांबाखालच्या डब्यात, फडक्याच्या खाली. "फडकं बारीकसारीक गोष्टींना," मी बजावलं. "आई हवीशी वाटली तर साडी."

डोरीनबाईंनी विचारलं, "किती जण? दोन की तीन?"

"दोन," मी म्हटलं, आणि पुढं जाऊन बसले. कंडक्टरनं दोनदा घंटा दिली की गाडी सुटते. घंटा नव्हती, म्हणून मी विमानाच्या पत्र्यावर मुठीनं दोनदा ठोकलं. डोरीनबाईंना ते कसं कळलं कोण जाणे, पण त्यांनी लगेच इंजिन सुरू केलं.

पुण्याला येऊन आता दोन महिने झाले. तिकडं सकाळची हजेरी होते तेव्हा आपल्याकडं रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. रोज साडेआठला माझ्या फोनवर उपग्रहावरून एक शब्द येतो: 'हजर'. 'मजेत आहे' मी बंद करायला लावलं. मी वही घातली आहे, त्यात वेळ लिहिते. हे म्हणतात, अगं, निवृत्त झालीस ना? मी लक्ष देत नाही.

परवा साडेआठ वाजले, फोन गप्प. आठ छत्तीस, गप्प. जेवणाचं ताट तसंच. हे फोनकडं बघतायत, मी ह्यांच्याकडं. आठ एक्केचाळीसला शब्द आला: 'हजर'.

मी लगेच विचारलं, 'अकरा मिनिटं उशीर. कारण?'

उत्तर आलं, 'दारात अस्वल बसलं होतं. महाबळेश्वर गाडी सोडावी लागली.'

मी वही उघडली आणि लिहिलं, कारण मान्य.